सोवळ्यातली भट्टी

डॉक्टरने आमच्या मामंजींना पाव खायला सांगितला आणि घर हादरलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. डॉक्टर बंगाली, जुन्या ओळखीचा, आमच्या घरच्या चालीरीती पुरत्या ठाऊक असलेला. तरी तो उंबऱ्याबाहेर जोडे चढवता चढवता सांगून गेला की भात बंद, पोळी बंद, दूध बंद. ताक घ्यायचं आणि त्याबरोबर कडक भाजलेला पाव. दुसरं काही यांच्या पोटात टिकायचं नाही.

मामंजींना संग्रहणी झाली होती. पावसाळ्यापासून खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या हातातलं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं. काशीतल्या दक्षिणी मंडळींत त्यांच्या शब्दाला मोठा मान. सोयरसुतक, प्रायश्चित्त, शिवाशीव, कसलाही प्रश्न अडला की लोक मंगला गौरीच्या गल्लीतून आमच्या पायऱ्या चढून येत आणि मामंजी ओसरीवर बसून निवाडा देत. असा माणूस पाव खाणार होता का? पाव म्हणजे ताडीने फुगवलेला, कुणाच्या हातचा ते कळायला मार्ग नाही, आणि बाजारातून घरी येईपर्यंत शिळा झालेला.

"डॉक्टर भला माणूस आहे," मामंजी म्हणाले, "पण त्याला वाटतं मला जगायची घाई आहे. लोक मरायला कुठून कुठून काशीत येतात. मी तर आधीच येऊन बसलोय."

हे बोलून त्यांनी कूस बदलली. त्यांच्यापुरता विषय संपला, वन्संच्या पुरता संपला नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. परकर नेसायच्या वयात त्यांचं कपाळ मोकळं झालं आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. सासूबाई गेल्यापासून मामंजींचं सोवळ्यातलं सगळं त्यांच्याकडे. मामंजी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसत, माझ्या तर नाहीच. पहाटे पंचगंगा घाटावर बुडी, ओलेत्याने घरी, चूल सारवायची, स्वयंपाक, मामंजींचं पान, मग आम्हा सगळ्यांची पानं, आणि उन्हं कलल्यावर आपलं एकवेळचं जेवण. त्यांना कुणी 'जेवलीस का' असं विचारलेलं मी सासरी आल्यापासून ऐकलं नव्हतं. मी विचारायची. त्या म्हणायच्या, "होईल."

डॉक्टर येऊन गेल्यावर मला दिसायला लागलं की ते 'होईल' काही होत नाही. मामंजी घोटभर ताक घ्यायचे, वन्संही तेवढंच घ्यायच्या. त्यांच्या पानातला भात गाईला जायचा. एके दिवशी मी त्यांना विहिरीपाशी गाठलंच.

"बाबांच्या पोटात अन्न जाईल त्या दिवशी माझ्या जाईल," त्या म्हणाल्या.

"आणि नाही गेलं तर?"

"तर नाही जाणार." जणू भाजी आणायची की नाही, एवढंच चाललं होतं. "आणि वहिनी, त्यांना सांगाल तर माझी शपथ आहे."

मी संतापले. मला संताप लवकर येतो, हे माझ्या माहेरीही प्रसिद्ध होतं. बाप मोक्षाला निघालेला, लेक त्याच्या मागोमाग, आणि या दोघांच्या हट्टापायी एका घरातून दोन ताटं उठायची वेळ आली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, किती सोशिक माणसं. मला दिसत होतं की वन्संच्या गळ्याखालची हाडं मोजता येतील.

"मग घरीच करा ना पाव," मी रागाने म्हटलं.

वन्संनी घागर खाली ठेवली. "घरी होतो?"

माझं माहेर सागर गावचं. वडील छावणीत कारकून, आणि आमच्या दारासमोर पलटणीची बेकरी. सकाळी त्या भट्टीचं दार उघडलं की सगळ्या आळीला वास यायचा. पाव मी खाल्लाही होता, आणि सासरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. पावात खरी मजा कडेची. मऊ भाग माझा भाऊ खायचा, कड मी. पण ते असो. भट्टी कशी दिसते, दार केवढं, घुमट कसा, आत लाकडं जाळून मग निखारे कसे ओढून काढतात आणि तापलेल्या विटांच्या जिवावर पाव कसा भाजतात, हे मी रोज पाहिलेलं होतं. ते मी वन्संना सांगितलं. त्या विहिरीच्या काठावर बसून ऐकत राहिल्या, आणि मध्येच म्हणाल्या, "ताडीऐवजी जिलबीचं खमीर चालेल?"

मामंजींना विचारायला आम्ही यांना पाठवलं. हे म्हणजे माझे यजमान, शाळेत शिकवायचे, पण वडिलांसमोर यांच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागे. मामंजींनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि ओसरीवर देत तसाच निवाडा दिला. गहू घरच्या जात्यावरचा. ताडी नाही. भट्टी घरातली आणि सोवळ्यातली. हात माझ्या लेकीचा. पाव त्याच दिवशीचा, दुसऱ्या दिवशी तो शिळं अन्न.

"मग खाल?" यांनी विचारलं.

"मग बघू," मामंजी म्हणाले.

वन्संना तेवढं पुरे होतं.

आमच्या घरामागे विहिरीला लागून थोडी मोकळी जागा होती. काशीच्या पक्क्या महालात, म्हणजे घाटालगतच्या त्या दाट वस्तीत, आकाश दिसेल एवढी जागा घरात असणं म्हणजे श्रीमंतीच. तिथे पडलेल्या भिंतीच्या लखौरी विटा रचून ठेवलेल्या होत्या, त्या जुन्या, पातळ, हाताच्या पंजाएवढ्या विटा. मिस्त्री आला तो हलवायांच्या भट्ट्या बांधणारा. त्याने जागा पाहिली, विटा वाजवून पाहिल्या आणि कामाला लागला. आधी दगडांचा कंबरेएवढा ओटा केला. त्यावर वाळू पसरली, आणि वाळूवर फुटक्या काचा हव्यात म्हणाला. काच खाली असली की भट्टीची जमीन लवकर निवत नाही.

काच कुठली आणायची? मिस्त्रीच चुडीहाराकडून फुटक्या बांगड्यांची टोपली घेऊन आला. हिरव्या, लाल, सोनेरी टिकल्यांच्या. हे सोवळ्यातलं काम आहे, म्हणत वन्सं पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तो चुरा वाळूवर सारखा केला. त्यांच्या हातांना बांगडीची काच किती वर्षांनी लागत होती, हे माझ्या मनात आलं. त्यांच्या मनात आलं की नाही, कोण जाणे. एक हिरवा तुकडा त्यांनी उन्हात धरून पाहिला आणि परत ठेवून दिला.

काचेवर विटांची जमीन बसली. मग मिस्त्रीने ओल्या वाळूचा ढीग रचला, उलट्या टोपलीसारखा, आणि त्या ढिगाला धरून विटांचा घुमट चढवला. चिखल गंगेचा, वाळू गंगेची. चिखल घट्ट बसल्यावर तोंडातून वाळू उपसून काढली, आणि आत खरोखरच पोकळी राहिली. हे शाळेतून आले आणि त्यांनी डोकं आत घालून नमस्कार केला. आत कुणी देव बसला होता असं नाही, पण त्यांना काहीतरी करावंसं वाटलं असावं.

जाताना मिस्त्रीने मला बजावलं. "बहूजी, अबहीं ई कच्ची बा. पानी मत छुअइहा. रोज तनी-तनी आँच दिहा, धीरे-धीरे सूखी. ओकरे बाद ऊपर से ओढ़ना चढ़ी."

मी ते शब्दाला शब्द वन्संना सांगितलं. भट्टी ओली आहे, पाणी लागता कामा नये. रोज थोडा थोडा विस्तव करून ती हळूहळू वाळवायची, आणि मग वरून पांघरूण घालायचं, म्हणजे ऊब धरेल.

वन्संनी त्यातलं काही मोडलं नाही. पाण्याचा तांब्या त्यांनी भट्टीजवळ येऊ दिला नाही. रोज अगदी मूठभर काटक्यांचा जाळ केला, जास्त नाही. फक्त त्याआधी पहाटे गंगेवरून आल्या की ओलेत्याने शेण कालवून भट्टी सारवायच्या. आतून, हात पोचेल तिथवर. जमीन, तोंड, बाहेरून सगळा घुमट. विस्तव करायची जागा सारवल्याशिवाय तिथे विस्तव करतात हे आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. सारवण आमच्या लेखी पाणी नव्हतंच. सारवण म्हणजे तोंड धुण्यासारखं, न सांगता करायचं. मी तोंडाशी रांगोळी काढायची, कुंकवाचं बोट लावायची, आणि मलाही एकदासुद्धा शंका आली नाही. वरून कवच छान वाळलेलं दिसायचं. वन्संचा हात चांगला होता, त्यांच्या सारवणाला भेग पडत नसे.

मार्गशीर्ष संपत आला होता. यांनी पंचांग उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुढे पौष. पौषात नवीन काही सुरू करायचं नाही. म्हणून मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी भट्टी पेटवायची ठरली. मामंजी तोवर आणखी खंगले होते, उठून बसायला आधार लागायचा. वन्सं चालताना भिंतीला हात लावायला लागल्या होत्या, आणि तो हात मी बघतेय असं दिसलं की काढून घ्यायच्या.

त्या दिवशी आंब्याची जाड लाकडं रचून जाळ केला. थोड्या वेळाने तोंडातून वाफ यायला लागली. हे म्हणाले धूर आहे. धूर मला ओळखू येतो, पण मीही गप्प बसले, कारण पीठ फुगून तयार होतं आणि वन्संच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता. मग आतून कडाडून आवाज झाला. विटेचा एक टवका उडून विहिरीच्या काठावर आदळला, भिंतीवरची माकडं पळाली, आणि भट्टीच्या तोंडापासून घुमटाच्या माथ्यापर्यंत भेग उभी राहिली. बोट जाईल एवढी.

लाकडं ओढून काढली. वन्सं ओट्याशी खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "माझा हात लागला ना तिला. पहिल्यापासून तुमच्या हातून करून घ्यायला हवं होतं."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. भट्टीवर नव्हे, वन्संवरही नव्हे. ज्या कुणी लहानपणापासून त्यांच्या कानात हे घालून ठेवलं होतं, त्या सगळ्यांवर. मी तशीच ओसरीवर गेले. मामंजींना आवाज ऐकू गेला होता, ते कोपरावर उठू बघत होते.

मी म्हटलं, "मामंजी, मला एक शपथ आहे, आणि ती मी मोडणार आहे. त्याचं प्रायश्चित्त काय ते तुम्हीच सांगा. वन्सं जेवत नाहीत. तुम्ही अन्न सोडलंत तेव्हापासून. तुम्ही ताक घेता तेवढंच त्या घेतात. तुम्ही मोक्षाला चाललात, आणि त्या तुमच्या मागे उपाशी चालल्या आहेत. आणि आता भट्टी फुटली, तर म्हणतात माझा हात लागला म्हणून फुटली."

सासऱ्यांशी इतकं मी कधी बोलले नव्हते. इतकं काय, त्यांच्यासमोर नीट उभीसुद्धा राहिले नव्हते. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हाकलतील.

"प्रायश्चित्त नंतर," ते म्हणाले. "आधी मला धरून उठव."

यांनी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना मागे नेलं. वन्सं दचकून उभ्या राहिल्या. मामंजी भट्टीपाशी गेले आणि त्यांनी भेगेत बोट घातलं. बाहेर काढलं तेव्हा बोटाला चिखल होता. त्यांनी तो उजेडात धरला, आणि ज्या वन्संना ते सहसा मान वर करून काही विचारत नसत, त्यांना विचारलं, "रोज सारवत होतीस?"

"रोज. ओलेत्याने," वन्सं म्हणाल्या. त्यात थोडा अभिमानही होता.

मामंजींनी तो चिखल दोन बोटांत चोळून पाहिला. आयुष्यभर त्यांनीच लोकांना सांगितलं होतं, बिनसारवलेल्या चुलीवरचं अन्न अन्न नव्हे. आमच्या घरात ती शिस्त त्यांचीच होती.

"भट्टी हाताने फुटली नाही," शेवटी ते म्हणाले. "पाण्याने फुटली. वर वाळत होती आणि आत रोज नवी ओल भरत होती. एवढा जाळ लागल्यावर ती ओल जाणार कुठे?" आणि मग ओसरीवरच्या आवाजात, "चूल सारवतात ती कालचं खरकटं जावं म्हणून. हिच्यावर अजून कुणाचं काही शिजलेलंच नाही. आणि हिच्या तर पोटातूनच अग्नी फिरतो. त्याच्याहून शुद्ध करणारं तू शेणात काय कालवणार? यापुढे हिला पाणी नाही. सारवण नाही."

"बाबा, पण बिनसारवलेलं तुम्ही कधी खाल्लं नाहीत."

"नाही खाल्लं. आता खाईन."

"लोक विचारतील."

"विचारू देत. विचारायला ते माझ्याकडेच येतात."

यांनी पौषाचा मुद्दा काढला. मामंजी म्हणाले, सुरुवात मार्गशीर्षात झालेली आहे, भेग पडली म्हणून सुरुवात रद्द होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींची बाज मागच्या मोकळ्या जागेत गेली. भेग विटांच्या चुऱ्यात चिकणमाती कालवून बुजवली, आणि विस्तवाचं काम मामंजींनी स्वतःकडे घेतलं. अंगावर शाल, डोक्याला मफलर, हातात चिमटा. सकाळी चार काटक्या, दुपारी एक ढलपी. जाळ वाढला की ते चिमट्याने लाकूड बाहेर ओढायचे. मध्येच विटेला उलटा हात लावून बघायचे. आम्ही ताप बघतो तसा. ज्या माणसाला जगायची घाई नव्हती, त्याला भट्टी वाळवण्याचीही घाई नव्हती, आणि हे काम तसल्याच माणसाचं होतं. आमच्या हातून ते झालं नसतं.

वन्संच्या जेवणावरून मात्र बापलेकीत घासाघीस झाली. मामंजी म्हणाले, तू आजपासून जेव. त्या म्हणाल्या, तुम्ही अन्न घ्या मग. शेवटी उपासाचं दूध आणि फळं यावर सौदा पटला, तेही मामंजींच्या देखत. मी खोलीत जाऊन पोटभर हसले आणि मग थोडी रडलेही.

मी विहिरीपाशी भांडी घासत असायची आणि ते दोघं भट्टीपाशी. आधी नुसते बसायचे. मग एक दिवस वन्संनी विस्तवाकडे बघत म्हटलं, "तुम्हाला काशीत मुक्ती मिळेल, बाबा. मला मागे काय मिळेल?"

मी हातातलं भांडं वाजू दिलं नाही. मामंजींनी चिमट्याने विस्तव सारखा केला. एक काटकी आत सरकवली. मग म्हणाले, "तुला काय आवडतं गं?"

"कशात?"

"खायला. तू माझ्यासाठी इतकी वर्षं रांधतेस. तुला काय आवडतं, ते मी कधी विचारलं नाही."

वन्सं विचार करत राहिल्या. खरोखर विचार करत होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, "आठवत नाही."

त्या दिवशी जाळ विझला तरी मामंजींनी नवी काटकी घातली नाही. मीच उठून घातली.

भट्टी हळूहळू वाळली. आतला काळा रंग जाऊन विटा फिकट झाल्या, आणि भेगेत चिखलाचा मागमूस उरला नाही. मग पांघरुणाची पाळी. चिकणमातीत भुसा आणि भरपूर राख मळून तिचा जाड थर घुमटावर चढवायचा होता. राखेने ऊब बाहेर जात नाही. आमच्या चुलीची राख पुरेना. हे न विचार करता बोलून गेले, "राखेला काय तोटा, मणिकर्णिका दोन पावलांवर आहे." बोलले आणि जीभ चावली. मामंजी हसले. बाज हलेपर्यंत हसले. म्हणाले, "तिथे माझी भर पडायची आहे अजून. तोवर शेजाऱ्यांच्या चुलींची आणा." शेजारणींनी राख दिली, आणि भट्टीने ती गोधडी पांघरली. शेवटचा हात वन्संनी फिरवला, आणि सवयीने शेणाकडे गेलेला हात मागे घेतला.

संक्रांत होऊन गेली तेव्हा पहिला पाव भाजला. तो दगड झाला. भिंतीवरून माकडाने उचलून नेला, एक चावा घेतला आणि आमच्याच अंगणात परत टाकला. वन्सं इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी त्यांना तशा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. दुसरा मधे कच्चा राहिला. त्यानंतरचा मात्र भट्टीतून बाहेर आला आणि मी सागरला पोचले. तोच वास. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुझ्या तोंडाला पाणी सुटलंय. ऐकीव माहितीवर एवढं सुटत नाही." मी खाली मान घातली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शपथेचं प्रायश्चित्तही पुढे कधी सांगितलं नाही.

वन्संनी पावाच्या चकत्या करून निखाऱ्यावर पुन्हा भाजल्या आणि ताकाची वाटी घेऊन मामंजींसमोर बसल्या. मामंजींनी एक चकती उचलली. कड त्यांना चावेना, मागचे दात कधीच गेले होते. वन्संनी चकतीच्या चारी कडा सोडवून बाजूला ठेवल्या आणि मधला भाग ताकात बुडवून दिला. मामंजींनी तो तोंडात घातला. आम्ही तिघंही त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गिळला. मग दुसरा घास घेतला.

तिसरा घ्यायच्या आधी त्यांनी त्या कडा उचलून वन्संपुढे धरल्या. "मला चावत नाहीत. तू खा. माझ्यासमोर."

बापाचं पान संपायच्या आधी, दिवसा, सगळ्यांच्या देखत वन्संनी घास घेतल्याचं घराने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कड तोंडात घातली. कुरकुर आवाज झाला, तसा त्यांनी ओशाळून तोंडावर हात धरला. चावत राहिल्या. हात खाली घेतला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "हे मला आवडतं."

मामंजींनी तोंड भट्टीकडे फिरवलं आणि उगाचच चिमटा हातात घेतला.

त्यानंतर मामंजींच्या पोटात अन्न टिकायला लागलं. एकदम बरे झाले असं म्हणता येणार नाही, पण त्यांनी काठी टेकत पुन्हा घाट गाठला आणि ओसरीवर पुन्हा लोक यायला लागले. एका शास्त्र्याने खोदून विचारलंच की आपण म्हणे पाव खाता. मामंजींनी त्याला आत बोलावून भट्टी दाखवली, एक चकती हातात दिली, आणि तो बिचारा हातातल्या चकतीचं काय करावं या पेचात बराच वेळ उभा राहिला. पुढे गल्लीतल्या दोन आजारी म्हाताऱ्यांचा पावही आमच्याच भट्टीतून जाऊ लागला. मामंजींचा मऊ भाग, वन्संची कड, ही वाटणी मात्र कधी बदलली नाही. मी कड मागितली नाही. मागावीशी वाटायची.

काही वर्षांनी मामंजी गेले. अन्नाविना नव्हे, म्हातारपणाने, झोपेत. सुतकात भट्टी गार राहिली. तेरावा झाला, मंडळी आपापल्या घरी गेली, आणि चारसहा दिवसांनी वन्संनी पहाटे पीठ मळलं. मी मुद्दाम विस्तवाचं काम घेतलं. पाव झाला. वन्संनी चकत्या भाजल्या, मामंजींची वाटी घेतली, ताक ओतलं, कडा सोडवून बाजूला काढल्या आणि मऊ भाग ताकात ठेवला. मग हात तसाच राहिला. त्या वाटीकडे बघत बसल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हे आता कुणी खायचं?"

मी हात पुढे केला. "द्या इकडे," मी म्हटलं. "मला मऊच आवडतं."